ई-पुस्तकाची मांडणी : पान आणि मजकूर

ई-पुस्तक या एकाच नावाखाली मराठीत दोन वेगळ्या वस्तू वावरतात. एकीत पान आधी ठरते आणि मजकूर त्यात कायमचा बसवला जातो. पीडीएफ हा तिचा सर्वांच्या ओळखीचा नमुना. दुसरीत मजकूर तेवढा ठरलेला असतो आणि पान मात्र वाचकाच्या हातातल्या पडद्याप्रमाणे, त्याने निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे दर वेळी नव्याने तयार होते. ईपब हा तिचा नमुना. पीडीएफमध्ये मांडणी म्हणजे अक्षर कुठे आणि कसे दिसावे हे ठरवणे. ईपबमध्ये मांडणी म्हणजे मजकुराचा प्रत्येक तुकडा काय आहे हे यंत्राला सांगणे. तो कसा दिसावा ही त्यानंतरची बाब. ई-पुस्तके तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचे बहुतेक प्रश्न या फरकातून निघतात.

हा फरक संगणकाहून जुना आहे. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर नागरी अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्याची खटपट सुरू झाली. १८०० साली नाना वारले. पुढे हे काम मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली गेले आणि १८०५ मध्ये मिरजेत ती गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील सेरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांनी छापून निघाले. कोरलेला पत्रा त्या एका पानाचाच. त्यातले अक्षर काढून दुसरीकडे लावता येत नाही. खिळा मात्र सुटा, म्हणून तोच पुन्हा दुसऱ्या शब्दात बसतो. आजची पीडीएफ मिरजेच्या पत्र्याची वारस आहे. ईपबमध्ये खिळेच काय, पानसुद्धा सुटे झाले आहे.

ईपबच्या पोटात

ईपब ही एकच फाइल दिसत असली तरी ती बांधलेली गठडी असते. झिप पद्धतीने आवळलेल्या या गठडीत मजकुराच्या एचटीएमएल फाइली, त्यांचे रूप ठरवणारी सीएसएस फाइल, चित्रे, फॉन्ट आणि अनुक्रमणिका असते. शिवाय ग्रंथाचे नाव, लेखक, भाषा आणि प्रकरणांचा क्रम नोंदवणारी एक यादी असते. संकेतस्थळ ज्या सामग्रीने बनते त्याच सामग्रीने ई-पुस्तक बनते. फाइलच्या नावातले ईपब काढून तिथे झिप असे लिहिले, की कोणालाही आत डोकावता येते.

आंतरराष्ट्रीय डिजिटल प्रकाशन मंचाने २००७ मध्ये हे स्वरूप प्रमाण म्हणून जाहीर केले. २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. २०१७ मध्ये हा मंच वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेत विलीन झाला आणि २०२३ मध्ये ३.३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ॲमेझॉनच्या किंडलचे स्वरूप स्वतंत्र आहे. पण प्रकाशकाकडून ॲमेझॉन ईपब स्वीकारते आणि त्याचे रूपांतर स्वतः करते. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची दालने सुरू झाली. तेव्हापासून चांगला ईपब एकदा तयार केला की तो बहुतेक दुकानांत चालतो.

मजकूर आधी, रूप नंतर

सातारा, सांगली, मिरज किंवा कऱ्हाड येथील डीटीपी करणाऱ्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे पुस्तक असेल, तर ते बहुधा पेजमेकरमध्ये आणि श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले असते. या जुन्या फॉन्टांत डोळ्याला ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. छापताना त्याने काही बिघडत नाही. तोच मजकूर ईपबमध्ये गेला आणि वाचकाच्या फोनवर तो फॉन्ट नसला, की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उभी राहते. म्हणून पहिली पायरी म्हणजे मजकूर अक्षरांच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, म्हणजे युनिकोडमध्ये, आणणे.

त्यासाठीची रूपांतरके मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. टंकलेखन यंत्राप्रमाणे जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट असते. जोडाक्षर अवघड असले की रूपांतरक चुकतो आणि वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. ‘ऑ’ हे एक अक्षर असताना ‘आ’ आणि वर वेगळी चंद्रकोर अशी जोडी तयार होते. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आणि दंडाच्या जागी उभी रेघ येऊन बसते. छापील पानावर हे दोष दिसतही नाहीत. ई-पुस्तकात शोध घेताना, शब्द कोशात पाहताना किंवा यंत्राकडून वाचून घेताना ते उघडे पडतात.

सर्वांत फसवे अक्षर सातारा भागातल्या गावांच्या नावांतच आहे. ‘साताऱ्यात’, ‘कऱ्हाड’ या शब्दांतला अर्धा र मराठीचा खास आहे. तो दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक घालून. दिसायला दोन्ही सारखे; पण एका रीतीने लिहिलेले ‘साताऱ्यात’ शोधले तर दुसऱ्या रीतीचे सहसा सापडत नाही. जोडक गळाला तर शब्द ‘सातार्यात’ होतो आणि उच्चारच बदलतो. ‘ॲ’चेही असेच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्रकोर देऊन लिहिलेले असते. मांडणीला हात घालण्यापूर्वी संपूर्ण ग्रंथात एकच रीत ठरवून शोध-बदलाने ती लागू करावी लागते.

फक्त छापील प्रत उपलब्ध असेल तर ती स्कॅन करून अक्षरओळख करावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेले पान आणि ओळखलेला मजकूर शेजारी ठेवून स्वयंसेवक मुद्रितशोधन करतात आणि तयार ग्रंथ ईपब रूपात उतरवून घेता येतो. स्कॅनच्या प्रतिमा जोडून केलेली पीडीएफ मात्र छायाचित्रांचा संग्रहच असते. तिच्यात शोध चालत नाही, अक्षरांचा ओघ बदलत नाही आणि अंध वाचकाचे यंत्र ती वाचू शकत नाही.

साधनांचा आढावा

ई-पुस्तकाच्या साधनांचे तीन गट पडतात: लेखनाची, पानमांडणीची आणि खास ईपबसाठीची.

पहिल्या गटात वर्ड, गूगल डॉक्स, ॲपलचे पेजेस आणि लिबरऑफिस रायटर येतात. गूगल डॉक्समधून २०१६ पासून, तर लिबरऑफिसमधून जानेवारी २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून थेट ईपब काढता येतो. कथा, कादंबरी, आत्मचरित्र अशा सरळ गद्यासाठी एवढे पुरते. अट एकच: मजकुराला शैली दिलेल्या असाव्यात.

दुसऱ्या गटात इनडिझाइन प्रमुख. त्यातून ओघवता आणि पान कायम ठेवणारा स्थिरपान असे दोन्ही प्रकारचे ईपब निघतात. देवनागरीसाठी त्यातील वर्ल्ड-रेडी कम्पोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. छापील आणि ई-आवृत्ती एकाच फाइलमधून काढणाऱ्या प्रकाशकाला हा मार्ग सोयीचा. मात्र सॉफ्टवेअरला दरमहा पैसे मोजावे लागतात आणि बाहेर पडणाऱ्या सीएसएसची साफसफाई करावी लागते.

तिसऱ्या गटात सिगिल आणि कॅलिबर ही दोन मुक्त साधने महत्त्वाची. सिगिल २००९ मध्ये आले. त्यात ईपबच्या आतल्या फाइली थेट उघडून दुरुस्त करता येतात; डोळ्यांसमोर पान ठेवून काम करायचे तर पेजएडिट हे त्याचे सोबती साधन आहे. कॅलिबर २००६ मध्ये कोविद गोयल यांनी सुरू केले. ग्रंथसंग्रह सांभाळणे, एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणे आणि ईपब दुरुस्त करणे ही तिन्ही कामे ते करते. त्याचे रूपांतर झटपट होते, पण वर्डमधल्या प्रत्येक बारीक फरकासाठी ते शैलीचे एक वेगळे वर्गनाव तयार करते. परिणामी दिसायला सारख्या असणाऱ्या परिच्छेदांना दहा नावे पडतात आणि पुढची दुरुस्ती किचकट होते. पॅनडॉक साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुरातून स्वच्छ ईपब देते, पण ते आज्ञा टाइप करून चालवावे लागते. वेलम देखणे पुस्तक करते, पण फक्त मॅकवर चालते.

शैली म्हणजे नाव देणे

नवख्याचा सर्वाधिक वेळ जातो तो मजकूर एकेका ठिकाणी सजवण्यात: प्रकरणाचे नाव निवडून ठळक करणे, आकार वाढवणे, स्पेस दाबून मध्यावर आणणे, एंटर मारत नवे पान गाठणे. ई-पुस्तकात याला अर्थ उरत नाही. एचटीएमएल लागोपाठच्या मोकळ्या जागा एकच धरते, टॅब विसरते आणि पाच एंटरनी गाठलेले नवे पान लहान पडद्यावर भलत्याच ठिकाणी येते.

शैली वापरली की हेच काम एकदा होते. प्रकरणाच्या नावाला ‘पहिल्या पातळीचे शीर्षक’, उपशीर्षकाला ‘दुसऱ्या पातळीचे’, नेहमीच्या मजकुराला ‘परिच्छेद’, अवतरणाला ‘उतारा’ असे नाव दिले, की त्यांचे रूप एका ठिकाणी ठरवता येते आणि बदलले तर ग्रंथभर बदलते. शीर्षकांच्या पातळ्यांवरून सॉफ्टवेअर अनुक्रमणिका स्वतः बांधते. पडदावाचक वापरणारा वाचक त्याच पातळ्यांवरून प्रकरणे ओलांडतो. नवीन प्रकरण नव्या पानावर आणायचे तर शीर्षकाच्या शैलीतच तशी सूचना असते. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीची सुरुवात आत घ्यायची की दोन परिच्छेदांत जागा सोडायची, हेही शैलीतच ठरते. दोन्ही एकदम केले तर पान उगाच विस्कटते. वर्गनावे रोमन अक्षरांत आणि अर्थ सांगणारी ठेवावीत. ‘लाल’ किंवा ‘मोठे’ या अर्थाच्या नावापेक्षा नाटकातल्या ‘रंगसूचना’ या अर्थाचे नाव दहा वर्षांनीही कळते.

देवनागरीच्या गरजा

इंग्रजी पुस्तकांसाठी बनवलेले साचे मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पहिली बाब भाषेच्या खुणेची. ग्रंथाच्या नोंदीत आणि प्रत्येक मजकूर फाइलमध्ये भाषा मराठी असल्याचे सांगितले पाहिजे. देवनागरीत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत आणि अनेक चांगले फॉन्ट भाषेची खूण पाहूनच मराठी वळण दाखवतात. वाचून दाखवणारी यंत्रेही आवाज याच खुणेवरून निवडतात.

दुसरी बाब फॉन्टची. मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट ईपबमध्ये घालता येतात. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना छपाईपुरताच असू शकतो. तो ई-पुस्तकात घालण्यापूर्वी वाचला पाहिजे. फॉन्ट घातला तरी वाचक तो बदलू शकतो, म्हणून मांडणी एका फॉन्टवर विसंबलेली नसावी.

तिसरी बाब ओळींमधल्या अंतराची. देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार, ऋकार अक्षराखाली जातात. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात ते एकमेकांना भिडतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर मोकळे वाटते. अक्षरांमध्ये जागा वाढवण्याची सोय मात्र टाळावी, कारण तिने शिरोरेषा तुटते.

चौथी बाब तिरप्या अक्षरांची. ती रोमन लिपीची परंपरा आहे. देवनागरी फॉन्टला तिरके रूप सहसा नसते, म्हणून यंत्र सरळ अक्षरच ढकलून तिरके करते आणि ते विद्रूप दिसते. ग्रंथनामे एकेरी अवतरणात आणि भर द्यायचा शब्द ठळक, ही मराठी छपाईची रीत ई-पुस्तकातही योग्य ठरते. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस असेल तर ‘स्त्री’ किंवा ‘क्षण’ अशा सुरुवातीवर तपासून पाहावे. जुनी वाचनयंत्रे जोडाक्षराचा अर्धाच तुकडा मोठा करतात.

पाचवी बाब दोन्ही कडा सारख्या करण्याची. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडले जातात, त्यामुळे शब्द लांब होतात. फोनच्या अरुंद पडद्यावर ओळीत चार-पाचच शब्द मावतात आणि कडा जुळवण्यासाठी त्यांच्यामध्ये मोठी खिंडारे पडतात. शब्द तोडण्याची स्वयंचलित सोय सगळ्या वाचनयंत्रांत मराठीसाठी नसते. म्हणून डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवणे हा सुरक्षित पर्याय.

ग्रंथप्रकारानुसार मांडणी

सरळ गद्य सोपे असते. साधनाची परीक्षा होते ती इतर प्रकारांत. त्यासाठी उदाहरणे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या वाङ्मयातच मिळतात.

सज्जनगड आणि चाफळ यांमुळे साताऱ्याशी जोडलेल्या रामदासांच्या ‘दासबोधा’ची रचना ई-पुस्तकाला आयती आहे. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, समासात ओव्या. दशक पहिल्या पातळीचे, समास दुसऱ्या पातळीचे शीर्षक, आणि दोनशे समासांची अनुक्रमणिका आपोआप तयार. ओवीसाठी स्वतंत्र शैली लागते: ओळ लांबून तुटली तर तुटलेला भाग थोडा आत सरकावा, म्हणजे नवी ओळ आणि तुटलेली ओळ यांत गफलत होत नाही. ओवीचा क्रमांक आणि दुहेरी दंड यांच्यामध्ये न तुटणारी जागा घालावी, नाहीतर एकटा आकडा पुढच्या ओळीवर जाऊन पडतो.

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) हा दुसरा नमुना. छापील नाटकात पात्राचे नाव डावीकडे आणि संवाद टॅबने उजवीकडे अशी दोन स्तंभांची रचना सर्रास असते. ई-पुस्तकात ती कोसळते. पात्रनाम ठळक करून त्याच परिच्छेदात संवाद सुरू करावा. रंगसूचना, पद आणि पदावरची राग-ताल-चालीची नोंद यांना वेगवेगळ्या शैली द्याव्यात. मर्ढे या साताऱ्याकडच्या गावावरून आडनाव मिळालेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेत ओळ कुठे संपते यालाच अर्थ असतो. तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र आणि कडवे एकसंध ठेवावे. कडवे शक्यतो पानाच्या सीमेवर तुटू नये अशी सूचना सीएसएसमध्ये देता येते.

माणदेशी बोलीतल्या कथांना धोका असतो तो शब्दतपासनीसाचा. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या लेखकाच्या संवादांतली बोलरूपे यंत्राला चुका वाटतात. सरसकट ‘सर्व बदला’ दाबले तर बोली पुसली जाते. अशा ग्रंथात बदल एकेक करून पाहावे लागतात.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’सारख्या साधनग्रंथात तळटिपा महत्त्वाच्या. ई-पुस्तकाला पानाचा तळ नसतो. टीप दुव्याने जोडावी लागते. ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत तिला टीप म्हणून खूण करता येते आणि अनेक वाचनयंत्रे ती त्याच पानावर चौकटीत उघडतात. टिपेकडून मूळ जागी परतण्याचा दुवाही हवा.

वाईचा मराठी विश्वकोश हा संदर्भग्रंथाचा नमुना. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याचे खंड आता संकेतस्थळावर वाचता येतात. छापील खंडात बाणाची खूण दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवते. पडद्यावर त्या खुणेच्या जागी दुवा देता येतो. अशा ग्रंथात प्रत्येक नोंद स्वतंत्र फाइल असावी, म्हणजे लहान फोनवरही ती लवकर उघडते. सूची लावताना यंत्राचा क्रम तपासावा लागतो: मराठी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरे ‘ह’ नंतर येतात, पण युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात असतो.

काही ग्रंथांना मात्र ओघवती मांडणी मानवत नाही. पूर्वी किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांसारखी स्तंभ, चौकटी आणि चित्रे यांची रचना, बालवाङ्मयाची चित्रपुस्तके किंवा नकाशे असलेले ग्रंथ यांना स्थिरपान ईपब किंवा पीडीएफच योग्य. त्यातही चित्राला शब्दांत वर्णन जोडावे.

तपासणी आणि हक्क

तयार फाइल ईपबचेक या मुक्त साधनाने तपासावी; तुटलेले दुवे, यादीतून राहिलेल्या फाइली आणि चुकीच्या खुणा ते दाखवते. किंडलसाठी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फाइल उघडावी. यंत्राची तपासणी झाली तरी मराठी मुद्रितशोधन उरतेच. किमान एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर, एका आयफोनवर आणि एका किंडलवर, अक्षर सर्वांत मोठे करून आणि रात्रीचे काळे पान निवडून ग्रंथ चाळावा. अक्षराला काळा रंग शैलीतच ठोकून बसवला असेल तर काळ्या पानावर मजकूर दिसेनासा होतो. मुखपृष्ठासाठी ॲमेझॉन २५६० पिक्सेल उंची आणि १६०० पिक्सेल रुंदी सुचवते. अंगठ्याएवढ्या आकारातही ग्रंथनाम वाचता आले पाहिजे. आयएसबीएन भारतात विनामूल्य मिळतो, पण ई-आवृत्तीला तो छापील आवृत्तीहून वेगळा घ्यावा लागतो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. देवल (मृत्यू १९१६), खरे (१९२४), सांगलीचे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१९४८) आणि मर्ढेकर (१९५६) यांचे लेखन आता मुक्त आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे (१९६९) २०२९ अखेरपर्यंत, वि. स. खांडेकरांचे (१९७६) २०३६ अखेरपर्यंत आणि शेटफळेच्या ग. दि. माडगूळकरांचे (१९७७) २०३७ अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी नंतरच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मुक्त असतातच असे नाही.

निवडीचा हिशेब एवढाच राहतो. एकट्या लेखकाच्या सरळ गद्यासाठी लिबरऑफिस आणि शेवटच्या हातासाठी सिगिल पुरते. नाटक, ओवी आणि टिपा असलेल्या ग्रंथासाठी सिगिलमध्ये हाताने शैली लिहिणे चांगले. छापील आणि ई-आवृत्ती सोबत काढणाऱ्या प्रकाशकासाठी इनडिझाइन. साधन कोणतेही असो, युनिकोडमधला शुद्ध मजकूर आणि त्याच्या प्रत्येक भागाला दिलेले योग्य नाव हेच पुढच्या प्रत्येक स्वरूपात टिकते. बाकीचे रूप दर काही वर्षांनी बदलत राहते.